परदेशातली माणसं आणि गावची शेतजमीन: ठाणे-नवी मुंबईत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी ठाण्यात राहतो, गाव मुरबाड तालुक्यात. घरचे सातबारा, फेरफार, वारसनोंदी बघायचं काम वडिलांच्या मागे माझ्याकडे आलं. पुढे शेजारचे, ऑफिसातले, भावकीतले लोकही आपापली कागदं घेऊन यायला लागले. दिवाळीच्या आणि नाताळच्या सुट्टीत हे प्रश्न फार वाढतात, कारण तेव्हा अमेरिका-दुबईची मुलं घरी आलेली असतात. समृद्धी महामार्ग भिवंडीजवळ आमण्यापर्यंत आला, अटल सेतू झाला, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाला. त्यामुळे आता जमीन घेऊन ठेवायची घाई सगळ्यांनाच आहे. घाईत दिलेलं टोकन परत मिळवताना लोकांचे काय हाल होतात ते मी जवळून पाहिलंय, म्हणून हे लिहून काढलं. मी वकील नाही. सही करण्याआधी वकिलाला कागद दाखवाच.

मुलगा नोकरीसाठी अमेरिकेत आहे, पासपोर्ट भारताचाच आहे. त्याला शहापूरला शेतजमीन विकत घेता येईल का?

नाही. परकीय चलन व्यवस्थापन कायदा, म्हणजे १९९९ चा फेमा, आणि त्याखालचे २०१९ चे नियम याबाबत स्पष्ट आहेत. अनिवासी भारतीयाला इथे फ्लॅट, दुकान, बिनशेती प्लॉट घेता येतो. शेतजमीन, फार्महाऊस आणि चहा-कॉफीसारखे मळे त्याला विकत घेता येत नाहीत. पासपोर्ट कुठला यापेक्षा माणूस राहतो कुठे, हे इथे आधी पाहिलं जातं. नोकरी-धंद्यासाठी बाहेर गेलेला माणूस या कायद्यापुरता अनिवासी होतो, मग त्याचं रेशनकार्डावरचं नाव अजून तसंच असलं तरी.

‘रिझर्व्ह बँकेची खास परवानगी काढून देतो’ असं कोणी म्हणालं, तर परवानगी हातात पडेपर्यंत एक रुपयाही देऊ नका.

दलाल म्हणतो, ओसीआय कार्ड (परदेशी नागरिक झालेल्या भारतीय वंशाच्या माणसांना मिळणारं कार्ड) असलं की सगळे हक्क भारतीयांसारखेच. खरं आहे का?

अर्धं खरं आहे. केंद्रीय गृहमंत्रालयाच्या ४ मार्च २०२१ च्या अधिसूचनेत ओसीआय कार्डधारकांना स्थावर मालमत्तेच्या खरेदी-विक्रीत अनिवासी भारतीयांची बरोबरी दिली आहे. पण त्याच वाक्यात शेतजमीन, फार्महाऊस आणि मळे वगळले आहेत. दलाल वाक्याचा पहिला भाग वाचून दाखवतात आणि तिथेच थांबतात.

पण आम्ही पिढीजात शेतकरी. आजोबांच्या नावाचा सातबारा आहे, शेतकरी दाखला मिळतो. मग भावाला अडचण काय?

सगळ्यात जास्त घोटाळा याच प्रश्नात होतो, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

शेतजमिनीच्या दाराला दोन कुलपं आहेत. एक राज्याचं, एक केंद्राचं. राज्याचं कुलूप म्हणजे आपला कुळकायदा, १९४८ चा. त्याचं कलम ६३ म्हणतं की शेतकरी नसलेल्या माणसाला शेतजमिनीची विक्री, बक्षीस, अदलाबदल, भाडेपट्टा हे काहीही जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय करता येत नाही. हे कुलूप ठाण्यात राहणाऱ्या बिगरशेतकऱ्यालाही लागू आहे, त्यात परदेशाचा काही संबंध नाही. शेतकरी दाखला हे एवढंच कुलूप उघडतो.

दुसरं कुलूप फेमाचं. तिथे शेतकरी दाखल्याला काही किंमत नाही. दहा पिढ्या भात लावणाऱ्या घरातला मुलगा असला, तरी अनिवासी झाला की नवी शेतजमीन विकत घ्यायला अपात्र.

आमच्याच घरात हे होता होता राहिलं. माझा एक चुलतभाऊ अमेरिकेचा नागरिक झालाय. त्याला गावाजवळ एक एकर हवी होती. खरं सांगायचं तर त्याची ओढ खोटी नव्हती. लहानपणी आम्ही दोघं त्याच शिवारात खेकडे पकडायचो. एका दलालाने सगळं जुळवून आणलं. खरेदीखताच्या मसुद्यात खरेदीदाराचा पत्ता म्हणून आमच्या गावच्या घराचा नंबर, व्यवसाय ‘शेती’, आणि सोबत आमच्या वडिलोपार्जित सातबाऱ्याची प्रत. परदेशी पासपोर्टचा कुठेच उल्लेख नाही. मी विचारलं, तर दलाल म्हणाला, ‘सातबाऱ्यावर नागरिकत्वाचा रकाना कुठंय दादा?’ तो बरोबर बोलत होता. तसा रकाना नाहीच. आणि मला भीती वाटली ती त्याचीच. आम्ही व्यवहार थांबवला. भाऊ वर्षभर माझ्याशी नीट बोलला नाही.

वडील गेले. बहीण कॅनडात आहे. वारस म्हणून तिचं नाव सातबाऱ्यावर लागेल का?

लागेल, आणि लावलंच पाहिजे. वारसाने आलेली शेतजमीन धारण करायला फेमाची आडकाठी नाही. तसंच, इथे राहत असताना कायदेशीर घेतलेली किंवा वाट्याला आलेली शेती माणूस परदेशी गेला म्हणून जात नाही. फेमाच्या कलम ६ मध्येच तशी तरतूद आहे.

हे मुद्दाम ठासून सांगतो, कारण ‘ती तिकडे गेली, तिचा हक्क संपला’ असं म्हणून बहिणींची नावं गाळण्याचा प्रकार गावोगाव चालतो. बहिणीला शेती नको असेल तर तिने स्वतः समजून-उमजून इथल्या भावाच्या नावे नोंदणीकृत हक्कसोडपत्र करावं. तिच्या गैरहजेरीत वारसांच्या यादीतून नाव उडवणं ही फसवणूक आहे. उलट दिशेने, म्हणजे इथल्या भावंडांनी आपले हिस्से परदेशातल्या भावाच्या नावे सोडायचे असतील, तर ते हस्तांतर ठरू शकतं. ते वकिलाला विचारल्याशिवाय करू नका.

वडील हयात आहेत. ते परदेशातल्या मुलाला जमीन बक्षीसपत्राने देऊ शकतात का?

फ्लॅट देऊ शकतात, शेतजमीन नाही. नात्यातलं बक्षीसही फेमाच्या नियमात शेतजमिनीपुरतं बंद आहे.

मृत्युपत्राचं विचाराल तर अंथरुणाला खिळलेल्या माणसाकडून घाईने काही लिहून घेऊ नका. २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गुजरातच्या एका प्रकरणात याच जुन्या मुंबई कुळकायद्याचा अर्थ लावताना सांगितलं, की बिगरशेतकऱ्याला शेतजमीन मृत्युपत्राने देऊन कलम ६३ ची बंदी टाळता येत नाही. कायदेशीर वारसाचा हक्क वेगळा, आणि मृत्युपत्राने बाहेरच्याला देणं वेगळं.

दुबईचा भाऊ पैसे पाठवेल, जमीन माझ्या नावावर घेऊ. घरातल्या घरात आहे, कोणाला कळणार?

बेनामी व्यवहारांचा १९८८ चा कायदा २०१६ मध्ये कडक झाला. पैसा एकाचा आणि नाव दुसऱ्याचं असा व्यवहार सिद्ध झाला तर एक ते सात वर्षांची कैद आणि जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो, जमीनही जप्त होते. पती-पत्नी आणि मुलांसाठी सवलत आहे. भावा-बहिणीच्या बाबतीत ती सवलत मिळायला पैसा देणाऱ्याचं नावही कागदावर लागतं, आणि नेमकं तेच नाव शेतजमिनीला फेमामुळे चालत नाही. म्हणजे हा रस्ता दोन्हीकडून बंद आहे.

कायदा बाजूला ठेवला तरी घराचा विचार करा. वीस वर्षांनी तुम्ही नसाल. तुमची मुलं सातबारा दाखवतील, भावाची मुलं बँकेच्या पावत्या दाखवतील. मी अशी दोन घरं पाहिली आहेत. दोन्हीकडे आता गणपतीला एकत्र जेवण होत नाही.

मग सरकारचं लक्ष असतं तरी कोणाचं?

मला सगळ्यात जास्त याच प्रश्नाचं उत्तर द्यावंसं वाटतं, कारण ‘सरकार बघतंय’ या भरवशावर लोक निश्चिंत राहतात.

परदेशी माणसाच्या हातात शेती गेली का, हे पाहणारं एकच एक कार्यालय आपल्याकडे नाही. काम वाटलेलं आहे. परदेशातून पैसा आला तर तो बँकेतून येतो आणि बँक रिझर्व्ह बँकेच्या नियमांना बांधलेली असते. फेमाचा भंग दिसला तर चौकशी अंमलबजावणी संचालनालय करतं, तीच ईडी जी आपण बातम्यांत ऐकतो. खरेदीखत नोंदवतात दुय्यम निबंधक. ते ओळख, मुद्रांक शुल्क, जोडलेली कागदपत्रं पाहतात, पण नोंदणी झाली म्हणजे मालकी शुद्ध झाली असं होत नाही. शेतकरी असण्या-नसण्याचा प्रश्न तहसीलदारांपुढे जातो. आणि जमिनीच्या अभिलेखात बदल होतो तो तलाठ्याकडे, ज्यांचं पदनाम आता ग्राम महसूल अधिकारी झालंय, आणि त्यावर मोहोर उठवतात मंडळ अधिकारी.

बँकेला पैसा दिसतो पण गट नंबर दिसत नाही. तलाठ्याला गट नंबर दिसतो पण पासपोर्ट दिसत नाही. दुय्यम निबंधकांसमोर आधार आणि पॅन येतं, आणि ते दोन्ही अनिवासी भारतीयाकडेही असू शकतं. या तिघांमधली फट तीच, जिच्यातून आमच्या दलालाला भावाचा व्यवहार सरकवायचा होता.

ही फट बुजवायची एकच जागा आजच्या आज आपल्या हातात आहे, आणि ती म्हणजे फेरफाराची नोटीस. जमीन महसूल संहितेच्या कलम १५० प्रमाणे नोंद धरल्यावर संबंधितांना नोटीस जाते, चावडीवर लागते, आणि हरकतीसाठी १५ दिवस मिळतात. आमच्या गावची चावडी म्हणजे एक खोली आणि बाहेर लाकडी फळा. पावसाळ्यात त्यावरची शाई ओघळते, टाचणी गंजून कागदाच्या वरच्या कोपऱ्यात तांबडा डाग पडतो. वडील एसटीतून उतरले की घरी जायच्या आधी त्या फळ्यापाशी थांबायचे, चष्मा कपाळावर चढवून एकेक गट नंबर वाचायचे. आम्हाला तेव्हा त्यांचा कंटाळा यायचा. आता त्याच नोटिसा महाभूमीच्या ‘आपली चावडी’वर घरबसल्या दिसतात. जिल्हा, तालुका, गाव निवडायचं आणि वाचायचं. मी दर महिन्याच्या पहिल्या रविवारी बघतो, पण तुम्ही पंधरवड्याने बघा, कारण हरकतीची मुदतच तेवढी आहे. मला स्वतःला ही सवय बदलायला हवी.

मुरबाड-शहापूर-कर्जतला ‘फार्महाऊस प्लॉट’च्या जाहिराती असतात. परदेशातल्या माणसाला चालतो का?

सातबारा बघितल्याशिवाय कोणीच उत्तर देऊ शकत नाही. जमीन खरोखर बिनशेती झाली असेल, आदेश आणि मंजूर नकाशा असेल, तर निवासी प्लॉट म्हणून घेता येतो. पण पुष्कळ ठिकाणी ‘एनए (म्हणजे बिनशेती) प्रस्तावित’ असं गोड लिहिलेलं असतं. प्रस्तावित म्हणजे झालेलं नाही. सातबारा शेतीचाच, कुंपण घालून गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे पाडलेले, आणि एका सातबाऱ्यावर पंधरा-वीस जणांची नावं. त्यात तुकडेबंदीचाही, म्हणजे शेतीचे फार लहान तुकडे पाडायला असलेल्या मनाईचाही प्रश्न येतो, शेतकरी असण्याचाही येतो, आणि परदेशी खरेदीदार असेल तर फेमाचाही. झोपाळा, आंब्याची रोपं आणि कमान पाहून निर्णय घेऊ नका. फार्महाऊस हा शब्दच फेमाच्या बंदीत आहे.

सातबाऱ्यातला ‘इतर हक्क’ रकाना शेवटच्या शब्दापर्यंत वाचा. तिथे ‘कलम ४३ च्या बंधनास पात्र’ असं असेल तर ती कुळाला मिळालेली जमीन आहे आणि तिच्या विक्रीला अटी आहेत. भोगवटादार वर्ग २, म्हणजे परवानगीशिवाय विकता न येणारी जमीन असेल तरी थांबा. शहापूर-मुरबाडकडे आदिवासी खातेदाराची जमीन असेल तर बिगरआदिवासीला ती जिल्हाधिकारी आणि शासनाच्या मंजुरीशिवाय घेताच येत नाही, मग तुम्ही नौपाड्यातले असा की न्यू जर्सीतले.

नवी मुंबईत साडेबारा टक्क्यांचा प्लॉट शेतजमीन धरतात का?

नाही. तो सिडकोसाठी गेलेल्या शेतीच्या बदल्यात, त्या जमिनीच्या साडेबारा टक्के या हिशेबाने मिळाला असला तरी तो सिडकोने भाडेपट्ट्याने दिलेला विकसित भूखंड आहे. परदेशातला नातेवाईक घेऊ शकतो, मात्र हस्तांतराला सिडकोची परवानगी आणि शुल्क लागतं.

घणसोली, कोपरखैरणे, उलवे भागातली जुनी माणसं हा प्रश्न विचारतात तेव्हा त्यांच्या आवाजात वेगळंच काही असतं. ९५ गावांची जमीन सिडकोसाठी गेली. जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखालच्या आंदोलनात जासई परिसरात पाच शेतकरी गोळीबारात गेले, तेव्हा कुठे साडेबारा टक्क्यांपर्यंत गोष्ट पोहोचली. परदेशी मालकीची चर्चा करताना त्यांना वाटतं, आमची शेती तर आपल्याच सरकारने घेतली. त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं पाहिजे.

परदेशी कंपनी शेती विकत घेऊ शकते का?

थेट नाही. परकीय गुंतवणूक धोरणात फुलशेती, नियंत्रित वातावरणातला भाजीपाला आणि मशरूम, बियाणं, मत्स्यपालन, तसंच चहा-कॉफी-रबरासारखे मळे अशा मोजक्या क्षेत्रांना १०० टक्के परवानगी आहे. साधी भातशेती किंवा फार्महाऊस बांधणं त्यात येत नाही. आणि गुंतवणुकीला परवानगी मिळाली म्हणून कलम ६३ सुटत नाही, कंपनीलाही राज्याचं कुलूप उघडावंच लागतं. वर १९६१ चा कमाल जमीन धारणा कायदा आहेच: कोरडवाहूला ५४ एकर, बारमाही बागायतीला १८ एकर.

अमेरिकेत परदेशी माणूस खुशाल शेती घेतो म्हणतात. मग आपणच एवढे कडक का?

चुलतभावानेही मला हेच सुनावलं होतं. तिकडची पद्धत वेगळी आहे. तिथल्या केंद्र सरकारची सरसकट बंदी नाही, पण १९७८ पासून माहिती देण्याची सक्ती आहे. परदेशी व्यक्तीने शेतजमीन घेतली की ९० दिवसांत तिथल्या कृषी खात्याला कळवायचं, नाही कळवलं तर जमिनीच्या बाजारभावाच्या २५ टक्क्यांपर्यंत दंड. आयोवासारख्या काही राज्यांची स्वतःची बंदीही आहे. २०२२ अखेरीस तिथली सुमारे ४.३ कोटी एकर शेती आणि वनजमीन परदेशी मालकीत नोंदलेली होती, खासगी शेतजमिनीच्या साधारण ३.४ टक्के, आणि त्यात सर्वात मोठा वाटा कॅनडाचा.

पण नोंद ठेवली म्हणजे नजर राहिली असं तिथेही झालं नाही. जानेवारी २०२४ मध्ये तिथल्याच सरकारी लेखापरीक्षण संस्थेने म्हटलं, की कृषी खात्याची ही माहिती अपुरी आहे आणि सुरक्षेचं काम पाहणाऱ्या खात्यांपर्यंत वेळेवर पोहोचत नाही. तिथे रकाना आहे पण तो नीट भरला जात नाही, आपल्याकडे बंदी आहे पण रकानाच नाही. माझं स्पष्ट मत आहे की सातबाऱ्यावर नाही, तरी फेरफाराच्या अर्जात खरेदीदाराने आपला निवासी दर्जा आणि नागरिकत्व प्रतिज्ञेवर लिहून द्यायला हवं. एक ओळ वाढेल, आणि खोटं लिहिणाऱ्याला पुढे पळवाट राहणार नाही.

एक गोष्ट तिकडच्या मुलांना सांगा: एच-वन व्हिसावरचा भारतीय तिथल्या त्या कायद्यात परदेशी व्यक्तीच धरला जातो. तिथे मोठी शेती घेतली तर कळवायची जबाबदारी त्याचीही आहे.

माहीत नसताना घेऊन बसलो असू तर?

लपवू नका. फेमाखाली दंड व्यवहाराच्या रकमेच्या तिप्पट होऊ शकतो. पण स्वतःहून पुढे येऊन तडजोड शुल्क भरून प्रकरण मिटवण्याची कायदेशीर वाट आहे, तिला कंपाउंडिंग म्हणतात. त्यासाठी सनदी लेखापाल किंवा वकील गाठा. कुळकायद्याच्या बाजूने, कलम ८४क खाली तहसीलदार व्यवहार अवैध ठरवू शकतात. तीन महिन्यांत जमीन मूळ मालकाला परत करून पूर्वस्थिती आणण्याची लेखी हमी दिली नाही, तर जमीन सरकारजमा होते. घेणाऱ्याचा पैसा आणि देणाऱ्याची जमीन, दोन्ही अडकतात.

बहिणीला वारसाने आलेली शेती विकायची आहे. पैसे कॅनडात नेता येतील?

विकता येईल, पण भारतात राहणाऱ्या शेतकऱ्यालाच. दुसऱ्या अनिवासी नातेवाइकाला नाही. पैसे तिच्या एनआरओ खात्यात (अनिवासी माणसाचं भारतातल्या बँकेतलं रुपयांचं खातं) जमा करायचे. तिथून कर भरल्याची कागदपत्रं देऊन एका आर्थिक वर्षात १० लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात.

‘शेतजमिनीला कर नाही’ हे मात्र इथे तपासून घ्या. १० लाखांहून जास्त लोकवस्तीच्या महापालिकेच्या हद्दीपासून सरळ रेषेत ८ किलोमीटरच्या आतली शेती करासाठी शहरी धरली जाते. ठाणे, कल्याण-डोंबिवली, नवी मुंबई यांच्या भोवती तशी वर्तुळं काढली की केवढी गावं आत येतात ते नकाशावर बघा. अशा जमिनीवर भांडवली नफ्याचा कर लागतो, आणि विकणारी अनिवासी असल्याने तो कापून भरायची जबाबदारी घेणाऱ्याची. हे न सांगता व्यवहार केला तर पुढे नोटीस गावातल्या घेणाऱ्याच्या घरी येते.

फेरफाराच्या नोटिशीत काही चुकीचं दिसलं तर काय करायचं?

१५ दिवसांत लेखी हरकत द्या. साध्या कागदावर चालते: गावाचं नाव, गट नंबर, फेरफार क्रमांक, तुमचा संबंध काय, आणि हरकत कशाची ते दोन-चार ओळींत. ‘खरेदीदार अनिवासी/परदेशी नागरिक असून शेतजमीन खरेदीस पात्र नाही’ एवढं स्पष्ट लिहा, आरोपांची लांबण लावू नका. हाताशी असलेला पुरावा जोडा. दुसऱ्या प्रतीवर पोच शिक्का घ्या, तारखेसकट. मला एकदा एका कार्यालयात ‘ठेवून जा, साहेब आल्यावर बघतील’ असं सांगितलं होतं आणि मी ठेवून आलो. पुढे तो कागद कोणालाच सापडला नाही. तेव्हापासून शिक्का बसेपर्यंत मी खुर्चीवरून उठत नाही.

हरकत आली की नोंद वादग्रस्त म्हणून धरली जाते आणि सुनावणी होते. निकाल विरुद्ध गेला तर प्रांताधिकाऱ्यांकडे ६० दिवसांत अपील करता येतं. सुनावणीच्या तारखेला स्वतः जा.